सीटखालची स्प्रिंग

चढावर गाडीने पुन्हा मान टाकली. इंजिन दोनदा खोकलं, पाती गवतात अडखळली आणि सगळं गप्प झालं.

मैदानाच्या कडेला उभे असलेले साहेब खाली आले. "मिस्त्री, स्पष्ट सांगतो. आज उरलेलं गवत कापून झालं नाही, तर ही भंगारात. नवी गाडी आली की कंत्राटदाराचा माणूस तिच्यासोबतच येणार. मग तुमच्या दादांना मी ठेवू कुठे?"

मिस्त्री हा दोघा भावांतला धाकटा. गवत कापायची ही गाडी म्हातारी झालीय हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तिचा एकेक नट त्याच्या हाताखालून गेला होता. पण ती गेली की थोरल्या भावाची नोकरी गेली, आणि थोरल्याला गवताशिवाय दुसरं काही येत नव्हतं. कोणाच्या लग्नाला गेला तरी हा माणूस जेवायचं सोडून तिथल्या हिरवळीला नावं ठेवायचा.

सकाळपासून धाकट्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पेट्रोलची जाळी बदलली. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक सुईने मोकळं केलं. प्लग नवा टाकला. ब्रेक लावून जागच्या जागी चालू केली की गाडी तरण्या बैलासारखी डुरकायची. थोरला तिच्यावर बसून निघाला की दम तोडायची.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं," साहेब म्हणाले आणि सावलीत जाऊन उभे राहिले.

"उतर दादा. मी चालवून बघतो."

थोरला स्टिअरिंगला धरून सावकाश उतरला. एवढ्या उन्हात त्याने जाड जॅकेट घातलं होतं आणि काढ म्हटलं तरी काढत नव्हता. धाकटा बसला, चढ चढला, उतरला, खाचखळग्यांतून मुद्दाम नेली. इंजिनाने एकदाही सूर सोडला नाही.

"मिस्त्री, तुम्हीच का लागत नाही नोकरीला?" साहेब सावलीतून म्हणाले. थोरला हसला नाही.

तो पुन्हा बसला. या वेळी धाकटा गाडीला खेटून चालू लागला, कान इंजिनाकडे लावून. चढ अजून लांब होता. सपाटीवरच एक बारीकसा खळगा आला, थोरला जरासा उसळला, त्याच्याबरोबर सीट वर आली, आणि इंजिन बंद पडलं.

धाकट्याने ते पाहिलं.

"उतर," तो म्हणाला.

त्याने सीट उचलली. सीटखाली एक बटण असतं. वर माणूस बसलेला असेपर्यंत ते दाबलेलं राहतं. ब्रेक सोडलेला असताना माणूस पडला किंवा उतरला, की बटण सुटतं आणि इंजिन बंद होतं, म्हणजे पाती कोणाचा पाय कापत नाहीत. बटण ठीक होतं. वायरी ठीक होत्या. आणि स्प्रिंग तर त्याने स्वतःच बसवलेली. आधीची थोरल्याच्या वजनाने चेपली होती, म्हणून त्याने एका भंगारातल्या ट्रॅक्टरची जाडजूड स्प्रिंग हुडकून आणली होती. "आता ही चेपून दाखव," म्हणून घरात सगळ्यांनी थोरल्याची किती थट्टा केली होती. धाकट्याने तिच्यावर तळहात दाबला. जशी बसवली तशीच ताठ होती.

"सापडलं?" थोरल्याने विचारलं.

"गाडीत काही नाही, दादा."

"मग?"

"तिला वाटतंय, वर कोणी बसलेलंच नाही."

थोरल्याने सावलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या दोन वायरी जोडून टाक, बाळ्या. बटणाची कटकटच नको. येतं तुला ते."

"जॅकेट काढ."

"वायरी जोड आधी."

"उद्या तोल गेला तर पाती थांबणार नाहीत."

"माझं मी बघेन."

"वहिनीला माहीत आहे?"

थोरल्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. धाकट्याला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सकाळपासून हा माणूस डोळ्यांसमोर होता आणि आपण पेट्रोलच्या नळीत फुंकर मारत बसलो होतो. पक्कड त्याच्या हातात होती. वायरी जोडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. त्याने पक्कड खिशात टाकली.

"दवाखान्यात जाऊ. आत्ता."

"आणि नोकरी?"

साहेब सावलीतून निघाले होते. "काय मिस्त्री, कळला का दोष?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण थोरल्याने त्याला बाजूला सारलं, सीट खाली आपटली आणि वर चढून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. त्याने ब्रेक सोडला, स्टिअरिंगची खालची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तिला वर ओढून ओढून स्वतःला सीटवर खाली दाबलं. जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत सरकल्या. आतले हात धाकट्याने आज पहिल्यांदा पाहिले. त्यांची नुसती हाडं उरली होती, पण इंजिन एका सुरात चालू होतं.

"चालतेय, साहेब," थोरला दात आवळून म्हणाला. "बघा ना. चालतेय."

साहेबांनी कान देऊन ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. "मग घ्या की पुढे."

पुढे घ्यायला एक हात सोडून गिअरवर न्यावा लागणार होता. थोरल्याने दोन्ही हात तसेच धरून ठेवले.