कवितेत नसलेली ओळ

आई अंधांसाठी हौसेनं कविता ध्वनिमुद्रित करायची, रुनाच्या वाट्याला यायचं ते फक्त “शूऽऽ!” भयकथांतले मेलेले निदान स्वतःच्या घरी तरी परततात, असं लहानपणापासून भुतांच्या गोष्टींत रमलेल्या रुनानं डायरीत लिहिलं, गेलेल्या आईचा आवाज मात्र टोरलाइव या आंधळ्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात राहिला. उरलेली एकुलती सीडी मागायला, ‘बाईंची मुलगी’ एवढंच सांगून, ती आली होती. “वॉफल घे पोरी. बाईंच्या आवाजाशिवाय मला घास उतरत नाही.” रुनानं वॉफल बशीत परत ठेवलं. म्हाताऱ्यानं हिवाळ्याची कविता आईच्याच लयीत म्हणून दाखवली, शेवटची ओळ हसून: “दार लाव गं रुना, तुझी भुतं आत येतील!” “ही ओळ कवितेत नाही.” “आहे की! सीडीत बाईच म्हणतात. कवीची लेक असणार ही रुना. हेवा वाटतो बघ तिचा.” प्लेअरमधली सीडी काढायला पुढे केलेल्या हातानं रुनानं ती सुरू केली.