एकोणीस बरोबऱ्या

"आटपा ताई," रूपलचा पीए झुलाल तिसऱ्यांदा कानाशी येऊन म्हणाला. "तीन वाजले. धुळ्यात पक्षाचे नाना पाचपर्यंतच बसताय. आमदारकीचं तिकीट आजच फायनल. तिथं तोंड नाही दाखवलं, तर कामिनीताई घेऊन जाईल."

रूपलने नुसती मान हलवली. जळगावच्या मंगल कार्यालयात बुद्धिबळाचे वीस पट मांडलेले, वीस माणसं बसलेली आणि ग्रँडमास्टर ती एकटी उभी. एका पटावर चाल केली की पुढचा पट. सकाळपासून दोन उद्घाटनं, एक दहावा, एक साखरपुडा. पोटऱ्यांचे दगड झाले होते.

तिने सरळ पहिल्या पटासमोर हात पुढे केला. "बरोबरी?"

समोरच्या कापडवाल्या शेठला काय, ग्रँडमास्टरशी बरोबरी! हात मिळवला, सेल्फी काढला, गेला घरी. मग दुसरा. तिसरा. एकोणीस उठले. पटाकडे तिने बघितलंच नाही.

विसाव्या पटाशी सुनंदाबाई होती. बोदवड गाडीची कंडक्टर, अंगावर अजून खाकी.

"बरोबरी, अक्का."

सुनंदाबाईने मांडीवरचा हात उचललाच नाही. "मी हाफ डे टाकीसन खेळाले येल शे, ताई. हात मिळवाले नही."

"अहो, फुकट मिळतेय तर घ्या ना!" झुलाल खेकसला.

"फुकट कशी? पट तर देखा. ताई हारताय."

झुलाल फिसकन हसला. रूपलने खाली बघितलं. हत्ती अडकला होता. राजाला सरकायला घर नव्हतं. ही चाल आपण केली? कधी? तेव्हा कोणाशी बोलत होतो?

"कुठे शिकलात?"

"डेपोत. गाडी लागेपर्यंत काय करतील मग?"

रूपलने शेजारच्या पटाची खुर्ची ओढली. चपला काढल्या आणि बसली. वीस जणांशी खेळणारा कधी बसत नसतो.

"ताई, गाडी चालू आहे!"

"बंद कर."

पाऊण तास ती हलली नाही. मग घोडा उचलून असा ठेवला, की सुनंदाबाईने खुर्ची पुढे घेतली आणि पटावर वाकली.

झुलाल बाहेरून आला. फोन हातातच होता. "नानांना कळलं, तुम्ही निघालाच नाही. तिकिटासाठी कामिनीताईचं नाव वर गेलं, ताई."

"हळू बोल," रूपल पटावरून नजर न काढता म्हणाली. "अक्कांची चाल आहे."