टक लावून पाहणारे

"मध्ययुगीन वैद्यांना नमस्कार केल्याशिवाय आजच्या वैद्यकाला एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही!" सीताबर्डीतल्या नव्या इस्पितळाच्या उद्घाटनात प्रा. कृष्णकांत पांढरीपांडे यांनी ठणकावून सांगितलं. सगळ्यांनी लगेच पावलं टाकली, कारण बाजूच्या खोलीत गरम आलूबोंडे आले होते.

जुन्या वैद्यकाच्या पोथ्यांमधली चित्रं जमवण्यात सरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नाडी पाहणारे हकीम, घोड्याला काढा पाजणारे वैद्य, अंगभर शिरांची जाळी दाखवत उभी असलेली माणसं. ग्रंथालयांनी जागा नाही म्हणून हात वर केले, तेव्हा तो सगळा संग्रह त्यांनी इस्पितळाला देऊन टाकला. तिथे तो एका बुटक्या काचेच्या कपाटात मांडला गेला.

"पाहणारं एक तरी माणूस मिळू दे हो," सरांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या, "नाहीतर परत मलाच दाखवत बसाल."

महिन्याभरात इस्पितळाचे विश्वस्त चंपतराव यांचा फोन आला. "सर, येऊन पाहा ना गा एकदा! तुमच्या कपाटासमोर लोकायले बसाले जागा नाही भेटून राहिली!"

सर ऑटो करून धावले. खरंच, काचेच्या कपाटासमोरचे सगळे बाक भरलेले, आणि एकूण एक माणूस टक लावून तिकडेच पाहत होता. सरांना भरून आलं. ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले, घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं.

 

"काकाजी, थोडे बाजूले सरका ना," पहिल्या बाकावरची बाई म्हणाली, "कपाटावरच्या टीव्हीत आमचा टोकन नंबर दिसून नाही राहिला."