फ्रेममध्ये

“हा धुरकट गोळा दिसतोय ना? हा पोरीचा मामा आहे!” वैजयंतीताईंनी लॅपटॉपवर बोट आपटलं. थोरलीच्या लग्नाच्या व्हिडिओचा राग त्यांच्या मनात तीन वर्षं धुमसत होता. आज धाकटीचं लग्न, आणि तोच व्हिडिओवाला निनाद कार्यालयात लेन्स निवडत बसलेला.

“काकू, ती लेन्सच तशी. नवरी ठळक, मागचं सगळं धूसर. सिनेमासारखं दिसतं.”

“चुलीत घाल तुझा सिनेमा! माझा भाऊ तेव्हा ढसाढसा रडला म्हणे. सगळ्या मांडवानं पाहिलं, मी सोडून! आमच्यात नवरीची आई मंगलाष्टकं बघत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. मला दिसणार ते तुझ्या काचेतूनच, आणि तू मला गोळा दाखवतोस?”

निनादनं कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स चढवली. “मग ही घेतो. आपल्या डोळ्यांना दिसतं ना, जवळपास तसंच हिच्यातून दिसतं.”

वैजयंतीताईंनी त्या लेन्सकडे निरखून पाहिलं. मग पुन्हा उसळल्या, पण आता राग निनादवर नव्हता. “दोन डोळे धडधाकट असताना मी या काचेच्या विनवण्या कशाला करतेय?”

भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, तेव्हा तुळशीपाशी तांब्या काठोकाठ भरलेला तसाच होता. वैजयंतीताई मूठभर अक्षता घेऊन अंतरपाटाला खेटून उभ्या होत्या.

“काकू, फ्रेममध्ये येताय,” निनाद कुजबुजला.

“येणारच,” त्या म्हणाल्या.