पालकांचा बाक

“तू आत येशील ना, बाबा? मला सोडून निघून जायचं नाही हं,” मुकुल रिक्षात म्हणाला.

“अरे येतोय ना! कितीदा विचारशील?” विद्याधरने रुमालाने कपाळ पुसलं. मुलुंडहून निघाल्यापासून बापलेक एवढंच काय ते बोलले होते. भांडुपचा चढ लागला तशी रिक्षा कण्हायला लागली.

आठवड्यापूर्वी जेवताना मुकुलने सरळ सांगून टाकलं होतं की मला दारूचं व्यसन लागलंय, उपचार घ्यायचेत, भांडुपला केंद्र आहे. सव्वीस वर्षांचं पोरगं, चांगली नोकरी, आणि हे! विद्याधरच्या हातातला घास हातातच राहिला. माधुरीने मात्र रडारड केली नाही. आमटी वाढत म्हणाली, “मग जा की. बाबाला घेऊन जा.”

“मी? तू जा ना त्याच्याबरोबर. आई आहेस.”

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली आणि आमटीचं पातेलं घेऊन आत गेली.

केंद्राचा नियमच तसा होता. उपचार घेणाऱ्याबरोबर घरातलं एक माणूस हवं, तेही दर वेळी, आणि घरात थेंबभर दारू नको. तिथल्या समुपदेशक रेवतीमॅडम पहिल्या दिवशी दार लावून मुकुलशी बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्यावर विद्याधरला म्हणाल्या, “काका, तुम्हीही डॉक्टरांना दाखवून घ्या.”

“मी कशाला?”

“घरात एक जण प्यायला लागला की बाकीच्यांच्या झोपेची, बीपीची, सगळ्याची वाट लागते. जा, डॉक्टर आत आहेत.”

विद्याधर कुरकुरत आत गेला तो चांगला तासाभराने बाहेर आला. हातात गोळ्यांची चिठ्ठी होती.

“टेन्शनच्या आहेत,” तो म्हणाला. “तुला काय दिलं?”

“व्हिटॅमिन.”

“घे मग वेळेवर. विसरू नकोस.”

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. पोराच्या काळजीने माणूस किती खचावा! विद्याधरला झोप येईना, कपातला चहा बशीत सांडायचा, अंगाला दरदरून घाम सुटायचा. मुकुलने ऑफिसातून सुट्टी काढली होती. तो बापाच्या उशाशी बसून राहायचा, वेळ झाली की गोळी द्यायचा, पाय चेपायचा.

“हे काय उलटंच रे?” विद्याधर एकदा म्हणाला. “आजारी तू आणि पाय माझे चेपतोस?”

“गप पड ना, यार बाबा.”

“बापाला यार म्हणतोय, बेशरम!” विद्याधर हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. दारात उभ्या असलेल्या माधुरीने पदराने डोळे टिपले.

मग सभा सुरू झाल्या. संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात. बाक लहान मुलांचे, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीला लागलेले. पुढे उपचार घेणारे आणि मागच्या बाकावर पालक. पुढच्याने उभं राहून नाव सांगायचं, “मी मद्यपी” म्हणायचं आणि मनातलं बोलायचं. पालकांनी फक्त नाव आणि नातं सांगायचं.

“मी मुकुल. मी मद्यपी,” मुकुल पहिल्यांदा उभा राहून म्हणाला. “मी रोज एक क्वार्टर प्यायचो. म्हणजे अर्धी बाटली.”

वर्गात खसखस पिकली. “क्वार्टर अर्धी कधीपासून झाली रे बाळा?” कुणीतरी विचारलं.

“घाबरलाय हो तो!” मागच्या बाकावरून विद्याधर घाईघाईने म्हणाला. “बोलू द्या त्याला.”

मुकुल बोलू लागला. “सकाळी हात कापतात, म्हणून दात घासायच्या आधी एक घोट लागतो. बाटली माळ्यावर ठेवतो, गणपतीच्या मखराच्या खांबात. तिथे आई हात घालत नाही. तिच्या वाढदिवसाला केक आणायला म्हणून गेलो आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. ती नवी साडी नेसून तशीच खुर्चीत बसली होती. एका शब्दाने बोलली नाही. घरात सगळ्यांचा माझ्यावर जीव आहे हो. मी असाच मरून गेलो तर त्यांनी काय करायचं?”

मागच्या बाकावर विद्याधर मान खाली घालून रडत होता. बापच तो. रडणार नाही तर काय करणार?

त्या रविवारी विद्याधर स्वतः माळ्यावर चढला. मुकुलने खाली स्टूल धरलं. बाटली काढून विद्याधरने मोरीत ओतली, वर दोन तांबे पाणी टाकलं. माधुरीने मोरी घासून काढली आणि तिघांसाठी कांदेपोहे केले. तिघांनी ते गप्पा मारत खाल्ले.

महिना पार पडला. ज्याचा महिना पुरा होईल त्याचं पेढे वाटून कौतुक करायचं, आणि त्या दिवशी पालकानेही पुढे येऊन दोन शब्द बोलायचे, अशी तिथली पद्धत. रेवतीमॅडमनी मुकुलचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मुकुलने लाजत हात जोडले.

“काका, या.”

विद्याधर मागच्या बाकावरून उठला आणि फळ्यापाशी येऊन उभा राहिला. खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली.

“बोल ना बाबा, पेढे थांबलेत,” मुकुल हळूच म्हणाला.

विद्याधरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मी विद्याधर,” तो म्हणाला. “मी मद्यपी. माझ्या ह्या पोराने जन्मात कधी दारू चाखलेली नाही.”