ढिली क्लिप

बॉनेटखाली वाकला तोच भुजंग मिस्त्रीच्या लक्षात आलं, पाईप फुटलेला नाही. रेडिएटरकडून इंजिनाकडं जाणारा तो जाड रबरी पाईप चांगला धडधाकट होता. पण त्याला रेडिएटरपाशी आवळून धरणारी क्लिप नुसत्या बोटानं गरगर फिरत होती. अंगणातल्या शहाबादीवर रेडिएटरचं हिरवं पाणी, कूलंट, पसरलं होतं.

अशी क्लिप आपोआप ढिली होत नाही. कुणीतरी पेचकस लावला होता. स्क्रूची खाच ताजी चमकत होती.

"जल्दी करा बरं मिस्त्री," काकासाहेब ओट्यावरून ओरडले. "पोरीला उद्या पुण्यात ऑफिसला जायचंय."

त्यांची एकुलती एक पोर, साधना, गाडीजवळच उभी होती. आईच्या वर्षश्राद्धाला चार दिवसांची रजा काढून ती आली होती. डिकीत बॅगा भरल्या होत्या, ज्वारीच्या पिठाचा डबाही चढला होता.

"किती वेळ लागेल दादा?" तिनं विचारलं.

"बघतो ताई."

ती चहा ठेवायला आत गेली. तसे काकासाहेब पायऱ्या उतरून आले, दाराकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "भुजंग, आज न्हाई झाली दुरुस्त तर?"

भुजंगनं मान वर केली. कुंभार पिंपळगावचं गॅरेज उघडं टाकून तो इथवर आला होता. त्याचा पाराच चढला. "मामा, म्हंजी तुम्ही?"

म्हातारा खाली बघू लागला. विहिरीवरच्या मोटारीच्या क्लिपा आवळण्यात त्यांचा जन्म गेला होता. ही एक ढिली करायला कितीसा वेळ लागणार!

"पहाटं केली. पार ढिली केली, म्हंजी पाणी सगळं हितंच सांडंल. वाटंत पोरीला दगा नको." ते थांबले. "र्‍हा म्हणायला जीभ उचलत न्हाई रे. तिची नोकरी हाय. मीच चार दिस झालं सारखं म्हणून राह्यलो, जा बाई, माझी काळजी करू नको. पण विमल गेल्यापून घरात दोन-दोन दिस माझा आवाज मलाच ऐकू येत न्हाई."

भुजंगचा राग कुठल्या कुठं गेला.

"बराबर हाय मामा," तो म्हणाला. "पाईप जालन्याहून मागवावा लागन, असं सांगतो मी ताईला. उद्यावर गेलं काम."

बोलता बोलता सवयीनं त्याचा हात पाईपच्या दुसऱ्या टोकाकडं गेला. इंजिनाजवळची क्लिपही गरकन फिरली. तो हसला. "पण मामा, एकीनं भागलं असतं की. दोन्ही कशाला ढिल्या केल्या?"

"दोन्ही?" काकासाहेब गोंधळले. "न्हाई बा. मी रेडिएटरकडची एकच केलती."

दारात कपबशा किणकिणल्या. चहाचा ट्रे घेऊन साधना उंबऱ्यातच थबकली होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही सारखं जा जा म्हणत होता, आबा," ती म्हणाली. "दुसरी मी केली."