रागिणीचे पाहुणे

पाहुण्याने मातीचं ढेकूळ उचलून मुठीत चुरलं आणि लिंबाजीकडे पाहिलं.

"रान तुमीच कसता न्हवं? मग सांगा, एकरी वर्षाचा ठोका काय देता?"

लिंबाजीने मालकाकडे नजर टाकली. प्रभूअप्पा बांधावरच्या बोरीकडे बघत होते. सकाळीच ते म्हणाले होते, "माझ्या रागिणीला बघायला कुरुंद्याचे पाव्हणे येऊन राहिले. आधी रान बघतील. पोरीचं समदं तुझ्या हाती हाय, लिंबाजी."

लिंबाजी एकरी बारा हजार खंड देत होता. खरं तर तेही जास्तच. पूर्वी इथे नुसता मुरूम होता. दर उन्हाळ्यात त्याने आपल्या मेंढ्या याच रानात बसवल्या. लेंडीखतासाठी दुसरे शेतकरी पायलीने ज्वारी मोजत होते. अप्पांकडून त्याने दाणा घेतला नाही. "तू हाईस तवर रान तुझ्याकडंच," हा अप्पांचा शब्द. स्वतःची गुंठाभर जमीन नसलेल्या माणसाला तेवढा शब्द पुरला.

पण पोरीच्या सोयरिकीत बारा हजार सांगायचे? रागिणी त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. लिंबाजीने छाती पुढे काढली.

"पंचवीस हजार. आनंदानं देतो. हळद लावून बघा, असं रान पंचक्रोशीत न्हाई."

पाहुण्याने मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा एवढी थाप मारली होती, तरी लिंबाजीला कसं छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीच्या बायकोने, सत्यभामाबाईने, त्याला गोरेगावच्या बाजारात पिटाळलं. पोरीला पहिली साडी आपलीच हवी. ती घेऊन लिंबाजी अप्पांच्या अंगणात आला.

"घे पोरी. जमली न्हवं सोयरीक?"

रागिणी गोंधळली. "कुणाची, काका? ते तर रान ठोक्यानं घ्यायला आलते. पंचवीसनं ठरलं बी."

साडी लिंबाजीच्या हातातच राहिली. इतक्या उन्हाळ्यांचं खत, इतक्या वर्षांचा घाम, सगळं दुसऱ्याच्या हळदीला गेलं होतं. आणि भाव त्याच्याच तोंडून निघाला होता. अप्पा दारात आले, तसा तो रडवेला होऊन म्हणाला,

"अप्पा, मी पोरीसाठी खोटं बोललो हो!"

"मला काय ठाव न्हाई व्हय?" अप्पा म्हणाले. "म्हणून तर तुला उभा केला. माझ्या तोंडचा भाव त्यानं मानला नसता. लिंबाजी खोटं बोलत न्हाई, हे समद्या मुलखाला ठाव हाय."